प्रकाशकांच्या राष्ट्रीय संघटनेकडून नेमके काय मागावे?

वाचकाचा प्रश्न : मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणाऱ्या मराठी दैनिकाच्या मालक-संपादकांनी हे पत्र पाठवले आहे. आजोबांनी साप्ताहिक काढले, वडिलांनी त्याचे दैनिक केले. आज अंक आठ पानांचा असून खप सुमारे सहा हजार आहे आणि छपाई दुसऱ्याच्या छापखान्यात होते. मुंबईतील एका जाहिरात एजन्सीने दोन वर्षांपासून बिले थकवली आहेत. एका परिचित प्रकाशकांनी इंडियन न्यूजपेपर सोसायटीचे सदस्य होण्याचा सल्ला दिला असून, त्यामुळे थकबाकी वसूल होईल आणि सरकारी जाहिरातीही वाढतील, असे त्यांचे म्हणणे आहे. व्यवहार पाहणाऱ्या धाकट्या भावाला मात्र ही मोठ्या घराण्यांची संस्था वाटते आणि वर्गणी वाया जाईल अशी त्याची खात्री आहे. पत्रलेखक स्वतः अनेक वर्षे वार्ताहर होते. पत्रकारांच्या वेतन मंडळाला विरोध करणाऱ्या मालकांच्या संघटनेत आपण जावे का, आणि उद्या बातमीवरून कोणी अंगावर आले तर ही संघटना पाठीशी उभी राहील का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण, आपले बंधू आणि आपले परिचित हे तिघेही एकाच संस्थेबद्दल बोलत आहात, परंतु तिघांच्या मनातील संस्था निरनिराळी आहे, असे पत्र वाचताना जाणवले. परिचितांना ती जाहिराती मिळवून देणारी यंत्रणा वाटते, बंधूंना ती बड्यांची बैठक वाटते, आणि आपण तिच्यात वृत्तपत्रस्वातंत्र्याचा पहारेकरी शोधत आहात. तो तिथे दिसत नाही म्हणून अस्वस्थही होत आहात. वर्गणीचा धनादेश लिहिण्यापूर्वी ही संस्था कशासाठी जन्माला आली हे पाहिले, तर तिघांचाही गैरसमज थोडाफार दूर होईल.

१९३९ च्या फेब्रुवारीत ‘इंडियन अँड ईस्टर्न न्यूजपेपर सोसायटी’ या नावाने ती स्थापन झाली. कागद विकत घेणारे, छपाईचा खर्च सोसणारे आणि जाहिरातीचे बिल पाठवून पैशाची वाट पाहणारे जे लोक असतात, त्यांची ती संघटना होती आणि आजही आहे. एकट्या वृत्तपत्राची ताकद ज्या कामांना पुरत नाही, अशी कामे अंगावर घेणे हा तिचा मूळ हेतू. खपाचे आकडे ज्याने त्याने आपल्या सोयीने सांगावेत आणि जाहिरातदाराने ते संशयाने ऐकावेत, अशी स्थिती असताना प्रकाशक, जाहिरातदार आणि एजन्सी यांनी एकत्र येऊन १९४८ मध्ये खप तपासून प्रमाणित करणारे ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स उभे केले. रॉयटर्सच्या हातातील असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया या वृत्तसंस्थेचा कारभार १ फेब्रुवारी १९४९ पासून भारतीय वृत्तपत्रांच्या मालकीच्या प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाकडे आला. या दोन्ही उपक्रमांच्या उभारणीत या संघटनेच्या मंडळींचा मोठा वाटा होता. ही कामे पत्रकारितेला उपकारक ठरली यात शंका नाही; तरी ती केली ती प्रकाशकांनी, आपल्या धंद्याची गरज म्हणून. हे ध्यानात ठेवले की संस्थेकडून करायच्या अपेक्षांना योग्य माप मिळते.

आपल्यावरील सर्वांत मोठा भार थकबाकीचा आहे, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. जाहिरात एजन्सींना मान्यता देणे हे या संस्थेचे सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी चर्चिले जाणारे काम आहे. एजन्सी अर्ज करते, तिची आर्थिक स्थिती आणि उलाढाल तपासली जाते, आणि मान्यता मिळाल्यावर सदस्य प्रकाशनांकडून तिला १५ टक्के कमिशन व ठरावीक मुदतीची उधारी मिळते. मुदत उलटूनही पैसे आले नाहीत, तर सदस्य प्रकाशन संस्थेकडे तक्रार नोंदवते, संस्था एजन्सीकडे पाठपुरावा करते आणि तरीही उपयोग झाला नाही तर मान्यता काढून घेण्यापर्यंत पाऊल उचलले जाते. यातील खरी ताकद कुठे आहे ते पाहा. सहा हजार खपाच्या दैनिकाने उधारी बंद केली तर मुंबईच्या एजन्सीला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. देशभरातील सदस्यांनी ती एकदम बंद केली तर तिला दुसऱ्या दिवशी आपल्या ग्राहकाची जाहिरात कुठे लावावी हा प्रश्न पडतो. मोठ्या दैनिकांचा धाक छोट्या दैनिकाच्या बिलालाही मिळतो, हा या व्यवस्थेचा गाभा आहे, आणि बंधूंनी ‘बड्यांची संस्था’ म्हणून ज्याकडे पाठ फिरवली आहे तेच येथे आपल्या उपयोगाचे आहे.

परंतु यात एक गृहीतक दडलेले आहे, ते तपासून पाहा. आपले पैसे थकवणारी एजन्सी या संस्थेची मान्यताप्राप्त एजन्सी आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. ती मान्यताप्राप्त नसेल, तर काढून घेण्यासारखे संस्थेच्या हातात काही नाही. ती मान्यताप्राप्त असली, तरीही आपली थकबाकी सदस्यत्वापूर्वीची आहे. त्यामुळे जुनी येणी वसूल होतील या भरवशावर वर्गणी भरू नये. संस्थेचे कार्यालय दिल्लीत रफी मार्गावर आहे, आणि मुंबईतही वांद्रे-कुर्ला संकुलात तिची इमारत आहे, जिचे उद्‌घाटन जुलै २०२४ मध्ये झाले. एजन्सीची मान्यता, जुन्या थकबाकीबाबतचा नियम, सदस्यत्वाच्या अटी आणि वार्षिक वर्गणी या चार गोष्टी त्यांच्याकडे लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा.

जुन्या पैशासाठी दुसरी वाट आहे, आणि छोट्या प्रकाशकांपैकी फार थोडे लोक तिचा विचार करतात याचे मला वाईट वाटते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावयाचे असतात, आणि न केल्यास बँक दराच्या तिपटीने चक्रवाढ व्याज लागू होते. वादासाठी राज्याची सुविधा परिषद आहे. आपल्या दैनिकाची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडील नोंदणी, आहे का, आणि ती या जाहिराती छापण्यापूर्वीची आहे का, हे आधी पाहा. नोंदणी नंतरची असेल तर कायदेशीर अडचण उभी राहू शकते आणि वकिलांचा सल्ला घ्यावाच लागेल. नोंदणी नसल्यास दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो, पण त्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते आणि आपली दोन वर्षे उलटून गेली आहेत. तेव्हा ‘पुढच्या महिन्यात बघतो’ असे एजन्सी फोनवर सांगत असेल, तर त्या फोनवर विसंबू नका. थकीत रकमेची कबुली देणारे सहीचे पत्र तिच्याकडून मागा आणि ते मिळत नसेल तर वकिलांमार्फत नोटीस धाडा.

कोणत्याही मार्गाने गेलात तरी कागद लागतील. प्रत्येक जाहिरातीचा रिलीज ऑर्डर म्हणजे ती छापण्याची एजन्सीची लेखी सूचना, जाहिरात छापलेला अंक म्हणजे व्हाउचर कॉपी, त्याच महिन्यात काढलेले बिल आणि ते पोहोचल्याची पोच एकत्र लावून ठेवलेली फाइल नसेल, तर राष्ट्रीय संघटनाही हतबल असते. छोट्या दैनिकांत ही शिस्त बहुधा एका वयस्क कारकुनाच्या स्मरणशक्तीवर चालते. बंधूंना वर्गणीचा खर्च टोचत आहे. त्यांनी पुढचे तीन महिने या फाइलींवर घालवले तर त्याचा लाभ निश्चित आहे.

सरकारी जाहिरातींबाबत आपल्या परिचितांचे म्हणणे मला मान्य नाही. केंद्राच्या जाहिराती सेंट्रल ब्युरो ऑफ कम्युनिकेशनकडून वाटल्या जातात, राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून, आणि दोन्हींच्या याद्यांमध्ये शिरण्याचे निकष सरकारने ठरवलेले आहेत. केंद्राच्या धोरणात २५ हजारांपर्यंत खपाचे दैनिक छोटे मानले जाते, म्हणजे आपण त्या गटात येता. २०१६ च्या धोरणाने तर गुणपद्धत आणली होती : प्रमाणित खपाला २५, कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीला २०, पृष्ठसंख्येला २०, वृत्तसंस्थेची सेवा घेण्याला १५, स्वतःच्या छापखान्याला १० आणि प्रेस कौन्सिलची वर्गणी भरण्याला १०. प्रकाशकांच्या संघटनेचे सदस्य असण्याला या यादीत स्थान नव्हते. संस्था सरकारकडे दर वाढवून मागते, थकीत बिलांसाठी तगादा लावते, पण एखाद्या सदस्याला जाहिरात ‘मिळवून’ देणे हे तिचे काम नाही आणि तसे कोणी आश्वासन देत असेल तर सावध राहा. त्यापेक्षा आपली नोंदणी बघा. १८६७ चा जुना कायदा जाऊन प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पिरियॉडिकल्स अधिनियम, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे, पूर्वीच्या निबंधकांच्या जागी प्रेस रजिस्ट्रार जनरल आले आहेत आणि कामकाज प्रेस सेवा पोर्टलवर गेले आहे. मालकी आजही वडिलांच्या नावावर आणि प्रकाशक म्हणून आपले नाव, अशी विसंगती घरच्या दैनिकांत सर्रास आढळते. वार्षिक विवरणपत्र वेळेवर गेलेले नसणे हेही तितकेच नेहमीचे. जाहिरातींची यादी अडते ती बहुधा इथे.

आता बंधूंचा आक्षेप. तो अगदीच निराधार नाही. संस्थेच्या मागण्यांचा लाभ सर्वांना सारखा होत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने गुगलला पत्र लिहून जाहिरात उत्पन्नातील प्रकाशकांचा वाटा ८५ टक्के करावा अशी मागणी केली आणि पुढे हा वाद स्पर्धा आयोगापुढेही नेला. मागणी न्याय्य आहे असे माझे मत आहे. तथापि ज्या दैनिकाच्या संकेतस्थळावर दिवसाला काही शे लोक येतात, त्याच्या हातात यातून येऊन येऊन काय येणार, हे बंधू विचारतील आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. न्यूजप्रिंटचे थोडे वेगळे आहे. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर १० टक्के सीमाशुल्क बसले, प्रकाशकांच्या संघटनेने ते हटवण्याची मागणी लावून धरली, आणि २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. आपण परदेशी रीळ घेत नसाल, पण देशी गिरण्यांचे भाव आयात कागदाच्या भावाकडे पाहून हलतात, म्हणून छापखान्याच्या बिलात त्याचा परिणाम आपल्यालाही जाणवला असेल. केंद्रीय जाहिरातींच्या दरात जानेवारी २०१९ मध्ये २५ टक्के आणि त्यानंतर थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये २६ टक्के वाढ झाली, ती यादीवरील सर्व वृत्तपत्रांना लागू झाली. सदस्य असो वा नसो, हा लाभ सर्वांना मिळतो. म्हणून ‘सदस्य झालो नाही तरी हे मिळणारच, मग वर्गणी का भरा’ हा बंधूंचा हिशेब व्यवहारात अचूक आहे. फक्त प्रत्येक छोट्या प्रकाशकाने तोच हिशेब केला, तर संस्थेत मोठेच उरतील आणि मग ती मोठ्यांची संस्था आहे ही तक्रार आपोआप खरी ठरेल.

छोट्यांचे हित आणि मोठ्यांचे हित यांच्यातील रेषा वाटते तितकी सरळ नसते, हे सांगणारा एक दाखला मराठी वृत्तसृष्टीतच आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्या प्रेस आयोगाच्या शिफारशीवरून १९५६ मध्ये केंद्राने वृत्तपत्रांची किंमत आणि पृष्ठसंख्या यांची सांगड घालणारा कायदा केला आणि त्याखाली १९६० मध्ये आदेश निघाला. हेतू चांगला सांगितला गेला होता : बड्या वृत्तपत्रांनी कमी पैशांत भरपूर पाने देऊन छोट्यांना चिरडू नये. त्या आदेशाला आव्हान दिले ते पुण्याच्या ‘सकाळ’ने. सात नव्या पैशांत आठवड्याला ३४ पाने देणाऱ्या या दैनिकाला नव्या हिशेबाने त्याच किमतीत २४ पानेच देता आली असती; पाने राखायची तर किंमत वाढवावी लागली असती आणि मग वाचक घटला असता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो कायदा आणि आदेश घटनाबाह्य ठरवला, कारण खपावर घातलेले बंधन हे भाषणस्वातंत्र्यावरीलच बंधन आहे. छोट्यांच्या संरक्षणासाठी केलेला कायदा एका प्रादेशिक भाषेतील दैनिकालाच जाचला, आणि पाने व किंमत यांसारख्या शुद्ध धंद्याच्या बाबीतून घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाचा एक पायाभूत निकाल निघाला. पुढे न्यूजप्रिंटच्या वाटपावरून १९७२ मध्ये आणि त्याच्या सीमाशुल्कावरून १९८० च्या दशकात मोठ्या वृत्तपत्र समूहांनी जे खटले लढवले, त्यांतील तत्त्वे आज आपल्या आठ पानांनाही संरक्षण देतात. कागद, कर आणि दर यांबद्दल बोलणारी संघटना स्वातंत्र्याबद्दल काहीच करत नाही असे मानणे, त्यामुळे, मला घाईचे वाटते.

तरीही आपला जो थेट प्रश्न आहे, की बातमीवरून कोणी अंगावर आले तर कोण धावून येईल, त्याचे उत्तर दुसरीकडे शोधावे लागेल. प्रकाशकांची संघटना निषेधाचे पत्रक काढू शकते, सरकारकडे शब्द टाकू शकते. परंतु वृत्तपत्राच्या स्वातंत्र्यावर आलेल्या दडपणाची रीतसर तक्रार प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे करायची असते. १९७८ च्या कायद्याने बनलेल्या या परिषदेत अध्यक्षांखेरीज २८ सदस्य असतात, त्यांपैकी सहा वृत्तपत्रांचे मालक किंवा व्यवस्थापक असतात, आणि त्या सहांत मोठ्या, मध्यम व छोट्या वृत्तपत्रांना प्रत्येकी दोन जागा कायद्यानेच राखून ठेवल्या आहेत. परिषद शिक्षा करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते. एवढी तिची मर्यादा माहीत असावी. प्रत्यक्ष मारहाण किंवा कार्यालयाची मोडतोड झाल्यास महाराष्ट्राचा २०१७ मध्ये विधिमंडळाने संमत केलेला प्रसारमाध्यम संरक्षण कायदा आहे, ज्यासाठी राज्यातील पत्रकार संघटनांनी वर्षानुवर्षे रेटा लावला होता. फिर्याद देताना त्या कायद्याचे कलम लावण्याचा आग्रह धरा, कारण ठाण्यात ते सुचवावे लागते.

वेतन मंडळाबद्दल आपण जी टोचणी व्यक्त केली आहे, ती मला या पत्रातील सर्वांत मोलाची वाटली. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशींना प्रकाशकांच्या संघटनेने विरोध केला हे खरे आहे, आणि वृत्तपत्र व्यवस्थापनांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ रोजी फेटाळल्या हेही खरे आहे. मालकांची संघटना वेतनाच्या प्रश्नावर मालकांची बाजू घेणार, जशी श्रमिक पत्रकारांची संघटना पत्रकारांची घेते. यात लपवाछपवी नाही. पण सदस्य झाल्याने आपली सदसद्‌विवेकबुद्धी तिच्या ठरावाला बांधली जात नाही. संघटना काय म्हणाली यापेक्षा आपण आपल्या बातमीदाराला काय देता, हा प्रश्न मोठा आहे आणि त्याचे उत्तर आपल्या हातात आहे. तालुक्याच्या वार्ताहराला जाहिरातीवर कमिशन देऊन त्यालाच मानधन समजायला लावण्याची प्रथा जिल्हा दैनिकांत रूढ आहे. बातमी आणि वसुली एकाच माणसाच्या खांद्यावर टाकल्याने दोन्ही बिघडतात. आपण स्वतः वार्ताहर होता, तेव्हा हे आपल्याला मी सांगायला नको. ही प्रथा आपल्याकडे असेल तर ती मोडा, ओळखपत्र आणि नेमणूकपत्र द्या, ज्यांना भविष्य निर्वाह निधी लागू होतो त्यांचा भरा. आत जाऊन वेगळे मत मांडण्याचा नैतिक अधिकार अशाने मिळतो.

इतके लिहिल्यावर ‘मग करू काय’ हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. माझे मत असे की या वर्षी सदस्यत्वाची घाई करू नये. गेल्या तीन वर्षांच्या जाहिरात उत्पन्नाची विभागणी करा : स्थानिक दुकाने, दवाखाने, शिकवण्या आणि वाढदिवस यांच्या जाहिराती किती, सरकारी व न्यायालयीन नोटिसा किती, आणि बाहेरच्या एजन्सींमार्फत आलेल्या किती. एजन्सींचा वाटा चौथ्या हिश्शाच्या पुढे असेल किंवा तो वाढवण्याची आपली खरोखर योजना असेल, तर सदस्यत्वाची वर्गणी हा उधारीचा विमा समजून भरावी. तो अगदी किरकोळ असेल, तर तोच पैसा वसुलीच्या नोटिशीवर आणि खपाच्या प्रमाणपत्रावर खर्च करावा. बाहेरची जाहिरात तोपर्यंत आगाऊ पैसे घेऊन छापावी. एखादी एजन्सी यामुळे दुरावेल, पण न येणाऱ्या पैशाची जाहिरात छापून कागद, शाई आणि जागा यांचे नुकसान करण्यापेक्षा ते परवडेल. आपल्यासारख्या स्थितीत असलेल्या साप्ताहिकांच्या प्रकाशकांनाही मी हेच सांगेन. त्यांचा एजन्सींशी संबंध आणखी कमी असतो.

सदस्य झालातच तर कागदावरचे सदस्य राहू नका. संस्थेचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो आणि तो निरनिराळ्या भाषांतील वृत्तपत्रांतून येत असतो : २०२१-२२ मध्ये तो ‘इकॉनॉमिक टाइम्स’चा होता, २०२४-२५ मध्ये मल्याळम ‘मातृभूमी’चा. वार्षिक सभेची सूचना आली की तिला जा किंवा निदान लेखी प्रश्न पाठवा. छोट्या दैनिकांची अशी दोन दुखणी आहेत जी मोठ्यांना ठाऊकच नसतात : एक, राज्य शासनाच्या, महामंडळांच्या आणि नगरपरिषदांच्या जाहिरातींची वर्षानुवर्षे रखडणारी बिले, दुसरे, दुसऱ्याच्या छापखान्यात छापणाऱ्याला कागदाच्या भाववाढीचा बसणारा फटका. हे दोन विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावेत म्हणून मराठवाड्यातील चार-पाच प्रकाशकांनी एका मसुद्यावर सह्या केल्या तर त्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाईल. त्यासाठी आपल्या त्या परिचितांनाच सोबत घ्या. ते आधीपासून सदस्य असतील तर मसुदा त्यांच्या नावाने आजही जाऊ शकतो, आपली वर्गणी भरण्याची वाट पाहावी लागणार नाही. आणि त्या मुंबईच्या एजन्सीची मान्यता तपासणारे पत्र मात्र याच आठवड्यात धाडा, कारण दाव्याच्या मुदतीचा काळ पुढे सरकत आहे.